अमेरिकेंतील वाङ्मयाचा वर्ग

गेल्या सप्टेंबर महिन्यांत माझ्या मुलानें अमेरिकेंतून मला एक तीन पानांचा कागद धाडला. तो नोकरीनिमित्त न्यूजर्सी संस्थानांत असतो आणि त्याची कन्या तेथील हायस्कुलांत अकरावीच्या वर्गांत आहे. त्या इयत्तेला तिकडील पुष्कळ शाळांतून अमेरिकन वाङ्मय हा विषय असतो. पहिल्याच दिवशीं शिक्षिकेनें मुलांच्या हातीं दिलेलें तें वर्गाचें नियमपत्रक होतें. काय वाचावयाचें, गुण कशाकशाला मिळणार, निबंध उशिरा दिला तर किती गुण कापले जाणार, दुसऱ्याचें लिखाण आपलें म्हणून खपविलें अथवा संगणकाकडून लिहवून घेतलें तर काय परिणाम होणार, हें सारें त्यांत वकिली काटेकोरपणानें मांडलें होतें. शेवटीं विद्यार्थ्याच्या व पालकाच्या सहीसाठीं दोन रेघा. दुसऱ्या पानावर पुस्तकांची यादी होती, आणि तींत मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’पुढें एक खूण करून खालीं म्हटलें होतें कीं, या कादंबरींत काळ्या लोकांना उद्देशून एक अपशब्द वारंवार येतो, पालकांची इच्छा असल्यास मुलाला दुसरें पुस्तक देण्यांत येईल. मुलानें सोबत एवढेंच लिहिलें होतें : “नाना, सही करूं का?”

छत्तीस वर्षें मीं मास्तरकी केली. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. वर्गाचे नियम मीं पुष्कळ सांगितले. पण ते कधीं कागदावर उतरवून त्यांवर मुलांची संमति घ्यावी, असें माझ्या मनांतही आलें नाहीं. म्हणून हा कागद कोठून आला, याचा शोध घ्यावासा वाटला. हातीं लागलेली हकीकत आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पहिली नवलाची गोष्ट ही कीं, ज्या देशानें १७७६ सालीं इंग्रजी राज्य झुगारून दिलें, त्या देशाच्या शाळेंत स्वतःचें वाङ्मय शिकविलें जाण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. नोआ वेब्स्टर यानें १७८३ सालीं आपलें स्पेलिंगचें पुस्तक काढलें, त्यांत अमेरिकेची भाषा इंग्लंडच्या ओंजळीनें पाणी पिणार नाहीं, अशी त्याची आकांक्षा होती. परंतु स्पेलिंग बदललें म्हणून ग्रंथ निर्माण होत नाहींत. १८२० सालीं सिडनी स्मिथ नांवाच्या इंग्रज पाद्रीनें ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्यें अमेरिकन पुस्तक जगांत वाचतो तरी कोण, असा खोंचक सवाल केला, आणि तो तिकडच्या लोकांच्या वर्मीं लागला. १८३७ सालीं इमर्सन यानें हार्वर्ड येथें भाषण करून, परक्यांच्या विद्येची उष्टावळ पुरे झाली, अशा आशयाचा इशारा आपल्या देशबांधवांना दिला. तरीही शाळेंत कांहीं हाललें नाहीं. तेथें १८३६ पासून मॅगफीची क्रमिक पुस्तकें चालत. त्यांतील उतारे खड्या आवाजांत, हातवारे करून म्हणावयाचे. उतारा कोणाचा, तो चांगला कां, हें विचारण्याची वहिवाट नव्हती. हायस्कुलें मात्र उभीं राहूं लागलीं होतीं. बोस्टन येथें १८२१ सालीं पहिलें सार्वजनिक हायस्कूल निघालें आणि १८२७ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें पांचशें कुटुंबांच्या प्रत्येक गांवास तसली शाळा चालविण्याची सक्ति केली.

वर्गाचे नियम कोणी करावयाचे, या प्रश्नाची एक लहानशी पण बोलकी गोष्ट इमर्सनच्याच गांवीं, कॉन्कॉर्ड येथें, त्याच १८३७ सालीं घडली. हेन्री डेव्हिड थोरो नुकताच पदवीधर होऊन गांवच्या शाळेंत मास्तर झाला. तो मुलांना मारीत नसे. शाळा-समितीच्या एका गृहस्थानें येऊन त्याला बजावलें कीं, छडीवांचून शाळा बिघडेल. थोरोनें काय करावें? त्यानें त्याच दिवशीं कांहीं मुलांना, त्यांचा विशेष अपराध नसतांना, छड्या दिल्या आणि त्याच दिवशीं राजीनामाही दिला. दोन आठवड्यांचीच नोकरी ती. पुढें १८३८ सालीं त्यानें आणि त्याच्या भावानें स्वतःची शाळा काढली, तींत छडी नव्हती. मुलांना रानांत व नदीकांठीं हिंडविणें हाच तेथील अभ्यासाचा एक भाग होता. भावाच्या आजारपणामुळें ती १८४१ सालीं बंद पडली. ज्या मुलांनीं विनाकारण छड्या खाल्ल्या, त्यांना या निषेधाचें काय वाटलें असेल, हें कोणी विचारलेलें दिसत नाहीं. मला मात्र थोरोपेक्षां त्यांचीच अधिक आठवण होते. आज अकरावीच्या यादींत थोरोचें ‘वॉल्डन’ हमखास असतें. त्यांत आपल्या भगवद्गीतेचा गौरव आहे, म्हणून आपल्या लोकांस त्याविषयीं विशेष आपुलकी.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. इंग्रजी वाङ्मय हा शाळेचा विषय झाला तो कोणाच्या रसिकतेमुळें नव्हे, तर प्रवेश-परीक्षेमुळें झाला. १८७४ च्या सुमारास हार्वर्ड कॉलेजानें जाहीर केलें कीं, प्रवेश मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ठराविक पुस्तकें वाचून त्यांवर एक छोटा निबंध लिहिला पाहिजे. पुस्तकें कोणतीं? शेक्सपिअरचीं तीन नाटकें, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’, स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ आणि त्याचेंच एक दीर्घ काव्य. सारे ग्रंथकार समुद्रापलीकडचे! प्रत्येक कॉलेज आपापली यादी काढूं लागलें, तेव्हां हेडमास्तरांची त्रेधा उडाली. एकाच वर्गांतील मुलें निरनिराळ्या कॉलेजांना जाणार, तर शिकवावें काय? म्हणून १८९४ सालीं पूर्वेकडील कॉलेजांनीं एकत्र बसून एकसारखी यादी ठरविली. त्या याद्यांत पुढें लॉवेल, लाँगफेलो असे कांहीं अमेरिकन कवि दिसूं लागले. पण वजन शेक्सपिअर, मिल्टन, मेकॉले यांचेंच. अमेरिकेविषयीं मुलांनीं जें कसून अभ्यासावयाचें, तें बर्कचें १७७५ सालचें, अमेरिकेशीं समेट करावा म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटांत केलेलें भाषण. हेच बर्कसाहेब पुढें वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यांत गाजले. आपल्या स्वातंत्र्याचा धडा परक्याच्या सभागृहांतून शिकण्याची ही तऱ्हा आम्हां मराठी मास्तरांस फारशी अपरिचित वाटूं नये. १८५९ सालीं मुंबई युनिव्हर्सिटीची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि तेव्हांपासून परीक्षेची सावली आमच्याही फळ्यावर पडली ती हललीच नाहीं.

१८९२ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखालीं दहा जणांची समिति नेमली गेली. तिनें इंग्रजीला चारही वर्षें स्थान दिलें आणि सांगितलें कीं, कॉलेजास जाणारा व न जाणारा असा भेद शिकवितांना करूं नये. तत्त्व उदार होतें. पण व्यवहारांत त्याचा अर्थ असा झाला कीं, कॉलेजचें तोंडही न पाहणाऱ्या मुलांनीं कॉलेजच्या परीक्षेचीं पुस्तकें घोकावयाचीं. १८९० सालीं सार्वजनिक हायस्कुलांतून सुमारें दोन लाख मुलें होतीं. १९३० सालीं तीं सुमारें चव्वेचाळीस लाख झालीं. त्यांत इटालियन, पोलिश, रशियन ज्यू अशा घरांतलीं, घरीं इंग्रजीचा शब्दही न ऐकणारीं किती तरी! त्यांच्यापुढें मिल्टन ठेवून शिक्षकांनीं काय करावें?

ही कुचंबणा अखेर १९११ सालीं फुटली. शिकागो येथें इंग्रजीच्या शिक्षकांनीं आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली, तिच्या मुळाशीं या सक्तीच्या याद्यांविरुद्धचा असंतोष होता. जेम्स होझिक हे तिचे चिटणीस. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा १९१७ सालचा अहवाल सांगतो कीं, हायस्कूल ही कॉलेजची ओसरी नव्हे. मुलांच्या आयुष्याला उपयोगी पडेल तें वाचवून घ्यावें. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धामुळें राष्ट्राभिमानास भरती आली आणि अमेरिकन वाङ्मयाला स्वतंत्र वर्ग मिळूं लागला. विद्वानांनींही त्याला मान दिला. १९२९ सालीं ‘अमेरिकन लिटरेचर’ नांवाचें त्रैमासिक निघालें. म्हणजे परीक्षकांविरुद्ध उठाव केला तो शाळामास्तरांनीं, आणि प्राध्यापक मागून आले. हें वाचून मला, खोटें कशाला सांगूं, मूठभर मांस चढलें.

परंतु अमेरिकन वाङ्मय म्हणजे कोणाचें? यादी इंग्लंडहून बोस्टनला आली, एवढेंच प्रथम झालें. फ्रेडरिक डग्लस हा गुलामींत जन्मलेला पुरुष. मालकिणीनें त्याला मुळाक्षरें शिकवावयास घेतलीं, तेव्हां नवऱ्यानें तिला थांबविलें. गुलाम वाचूं लागला तर तो गुलाम राहणार नाहीं, हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. डग्लसचें आत्मचरित्र १८४५ सालीं छापलें गेलें. हायस्कुलाच्या वर्गांत त्याला हक्काची जागा मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, काळ्या लोकांनीं नागरिक हक्कांचा लढा दिल्यानंतर. आमच्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. पुण्यांतील एका माळ्याला जें महत्त्वाचें वाटलें, तें तिकडच्या याद्या करणाऱ्यांस दीर्घकाळ तितकें महत्त्वाचें वाटलें नाहीं.

नियमपत्रकांत आणखी एक वाक्य होतें, त्यानें मला अस्वस्थ केलें. वर्गांतील चर्चेला गुण आहेत, आणि मत पटण्याजोगें नसलें तरी चालेल, मात्र तें पुस्तकांतील आधार दाखवून मांडलें पाहिजे. या रीतीमागें १९३८ सालीं लुईझ रोझेनब्लाट या विदुषीनें लिहिलेल्या ग्रंथाचा मोठा हात आहे. तिचें म्हणणें, थोडक्यांत, असें कीं पुस्तक आणि वाचक यांची गांठ पडते तेव्हांच वाङ्मय घडतें; म्हणून मुलाच्या स्वतःच्या प्रतिसादापासून सुरुवात करावी. मीं नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलाला बाकावर उभें केलें होतें. इंग्रजीच्या धड्यांतील राजा दयाळू होता, असें गाइडांत होतें, मुलगा म्हणाला, “मास्तर, हा राजा मला लबाड वाटतो.” त्यानें धड्यांतली ओळही दाखविली. मीं ती पाहिली नाहीं. पुढच्या तासाला तो गाइडप्रमाणें बोलला आणि मीं शाबासकी दिली. पुन्हां त्या मुलानें माझ्या वर्गांत कधीं हात वर केला नाहीं.

आतां पालकांच्या सहीची रेघ. न्यूयॉर्कजवळील आयलंड ट्रीज येथील शाळा-मंडळानें १९७६ सालीं शाळेच्या ग्रंथालयांतून कांहीं पुस्तकें काढविलीं. त्यांत रिचर्ड राइट या काळ्या लेखकाचें ‘ब्लॅक बॉय’ होतें. स्टीव्हन पिको आणि इतर कांहीं विद्यार्थी मंडळाविरुद्ध न्यायालयांत गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला आणि १९८२ सालीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निकाल मुलांच्या बाजूस झुकला : केवळ विचार पसंत नाहींत म्हणून ग्रंथालयांतून पुस्तक काढतां येणार नाहीं. वर्गांत काय शिकवावें, या मंडळाच्या अधिकाराला मात्र न्यायमूर्तींनीं हात लावला नाहीं. म्हणून वर्गांतील पुस्तकांवरून तिकडे भांडणें चालूच आहेत, आणि शिक्षक आपला बचाव म्हणून आधींच कागदावर सही घेतात.

‘हकलबरी फिन’ची कुंडली तर जन्मापासूनच वादाची. १८८५ सालीं, पुस्तक निघतांच, थोरोच्या त्या कॉन्कॉर्ड गांवच्या ग्रंथालयानें तें गांवढळ व असभ्य म्हणून बाहेर काढलें. ट्वेन म्हणाला, छान, खप वाढेल. १९५७ सालीं न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण-मंडळानें तें खालच्या वर्गांच्या यादींतून वगळलें, तेव्हां प्रश्न सभ्यतेचा नसून काळ्या माणसाच्या मानाचा होता. दोन्ही आक्षेप एका तागडींत घालतां येत नाहींत. पहिला मला हास्यास्पद वाटतो, दुसरा वाटत नाहीं. पळून जाणाऱ्या जिमला वाचविण्यासाठीं नरकांतही जाण्यास तयार होणारा हक मोठा खरा. पण तो शब्द ज्या मुलाच्या आजोबांना उद्देशून वापरला गेला, त्यानें तो भर वर्गांत पुन्हां पुन्हां ऐकावा काय?

मीं मुलाला कळविलें, सही करण्यापूर्वीं तिला विचार. तिनें मलाच फोन केला. पुस्तक तिनें अर्धें वाचून टाकलें होतें. धुक्यांत दोघांची चुकामूक होते आणि मागाहून हक जिमची क्षमा मागतो, तेथपर्यंत. “आजोबा, तो शब्द आमच्या वर्गांत कोणी मोठ्यानें उच्चारावयाचा नाहीं,” ती म्हणाली, “माझ्या शेजारीं बसणाऱ्या मुलीनेंच बाईंना तसें सुचविलें आणि बाईंनीं तो नियम पत्रकांत घातला. पान तीन पाहा.” मीं पान तीन वाचलेंच नव्हतें.

कागद सही होऊन गेला. मुदत शुक्रवारची होती, आणि उशिराचे गुण कापण्याचें कलम पहिल्याच पानावर होतें.