दुर्गाघाटाचा शेजार : बांधणे आणि राखणे

काशीच्या पंचगंगा घाटापासून उत्तरेस निघाले म्हणजे प्रथम दुर्गाघाट व त्यास लागून ब्रह्मघाट लागतो. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हे घाट बांधविले आणि मागील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे वसत गेली. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्यांच्या निमित्ताने आम्ही उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ हिंडलो. परंतु इतका जुना मराठी शेजार फार थोड्या ठिकाणी आढळला.

पंचगंगेच्या दक्षिण अंगास बालाजी घाट आहे. तेथील प्रासादतुल्य वास्तू व बालाजीचे मंदिर पेशव्यांनी उभारले. बांधकामाचे वर्ष १७३५ सांगतात. त्याच वर्षी थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस आल्या होत्या. पुढे ही मालमत्ता ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेली. याच मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. काळाच्या ओघात मात्र वास्तूचा मोठा भाग ढासळला. २०१२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या न्यूयॉर्कच्या संस्थेने संकटग्रस्त वारसास्थळांच्या आपल्या यादीत बालाजी घाटाचा समावेश केला आणि इन्टॅकच्या सहकार्याने जीर्णोद्धारास चालना मिळाली.

नदीकाठची वास्तू का ढासळते, हे समजून घेण्याजोगे आहे. दरवर्षीचा पूर पायाखालची माती पोखरतो. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला भव्य घाट आपल्याच भाराने खचला, तो याच काठावर. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजले की त्याची मुळे चिरे उचकटतात. घाईने केलेली सिमेंटची डागडुजी तर अधिकच घातक. चुनार येथील वालुकाश्मातील ओल तिच्यामुळे बाहेर पडू शकत नाही व दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून खऱ्या जीर्णोद्धारात जुना चुना-सुरखीचा माल, त्याच जातीचा दगड आणि तो घडविणारा कुशल पाथरवट लागतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वास्तूतील राबता. जेथे पूजा, वास्तव्य व संगीत चालते, तेथे गळणारे छप्पर त्याच पावसाळ्यात कोणाच्या तरी दृष्टीस पडते. ओस वाड्यात ते कोसळल्यावरच कळते.

आमच्या मते मराठी समाजाने येथेच विचार करावा. आपल्या पूर्वजांनी परमुलखात घाट, मंदिरे व वाडे मुक्तहस्ते बांधले. परंतु ते राखण्याची तरतूद सर्वत्र टिकली नाही. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, वारस दूरदेशी गेले आणि दुरुस्ती कोणी करावी हा प्रश्न तसाच राहिला. परदेशी संस्थेस जे जपण्याजोगे वाटले, त्याची साधी नोंदही आपल्यापाशी असू नये, हे शोभणारे नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक सूचना आहे. दूरदेशी असलेल्या ज्या घरांचा काशीतील वाड्याशी संबंध आहे, त्यांनी आपल्यापाशी असलेली मोडी कागदपत्रे, नकाशे व जुनी छायाचित्रे मंडळाकडे नकलेसाठी द्यावीत. जीर्णोद्धारास पैसा लागतो हे खरे. परंतु त्याआधी, मुळात काय होते हे सांगणारा कागद लागतो. तो अजून आपल्या पेट्यांतून आहे, तोवर हे काम हाती घ्यावे.