वंशवृक्षात न सापडणारी माणसं

इंग्लंडात ऑनसाईट होतो तेव्हा टीममधल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत त्याचा वंशवृक्ष दाखवला. थेट सोळाव्या शतकापर्यंत! आमची गाडी पणजोबांच्या पुढे सरकत नाही. "एवढं मिळालं कुठून?" तर म्हणे, गावच्या चर्चच्या वहीतून.

झालं असं, की १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला: प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली ती १ जुलै १८३७ ला. मधली तीनशे वर्षं साध्या माणसाचा माग काढायचा तर मुख्य आधार या वह्यांचाच.

मग एका शनिवारी डर्बीशरमधलं ईम गाव गाठलं. इथे सप्टेंबर १६६५ मध्ये प्लेग आला. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून पिसवा आल्या, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना पटवलं, की गाव सोडायचं नाही, रोग बाहेर न्यायचा नाही. ज्याने त्याने आपली माणसं आपणच पुरायची. नोव्हेंबर १६६६ पर्यंत सुमारे २६० माणसं गेली.

गावाबाहेर शेतात हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉकने नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. नंतर ती शेफिल्डला, उरलेल्या एका मुलाकडे गेली म्हणतात.

तिथे उभं राहून एक गोष्ट डोक्यात आली. वंशवृक्ष आपण स्वतःपासून वर चढत काढतो. आई-बाप, आजी-आजोबा, त्यांचे आई-बाप... या वाटेवर फक्त ज्यांचा वंश पुढे चालला तेच भेटणार. हॅन्कॉकांची ती सहा मुलं कुणाचीच पूर्वज नाहीत! वहीचं तसं नाही. ती आपल्या लॉग फाईलसारखी. पुढे उपयोग होईल की नाही हे न बघता, घडलं ते लिहायचं.

असो. त्या रविवारी घरी फोन लावला. पणजोबांच्या वडिलांचं नाव नेहमीप्रमाणे कुणालाच आठवेना. मग म्हटलं, आजी, तुझी लहानपणी गेलेली बहीण होती ना, तिचं नाव काय गं? आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "यमू."

लिहून ठेवलंय.