लग्नचौकातून दाराच्या पाटीवर

नाशिकच्या जुन्या वाड्यांत दारावर पहिला मान गणपतीचा. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर कोरलेली गणेशपट्टी आधी दिसायची, मग घरातली माणसं. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि कोरीव चौकटी गेल्या. आता घराची ओळख पटते ती दारावरच्या नावाच्या पाटीनं. गेरूच्या रंगाची लाकडी फळी, मधोमध आडनाव, कडेनं पांढऱ्या रंगात फेर धरलेली वारली माणसं: अशी पाटी आज नाशिकच्या कितीतरी दारांवर दिसते, आणि वास्तुशांतीला भेट म्हणूनही दिली जाते.

या चित्रांचं घर नाशिकहून लांब नाही. त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत वारली आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्र्यंबकवरून घाट उतरत मोखाडा, जव्हार ओलांडलं की डहाणू-तलासरीचा मुलूख येतो. तिथल्या घरांच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काड्यांवर शेणमातीचा गिलावा दिलेल्या. लग्न ठरलं की सवाशिणी या भिंतीला गेरू लावून तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मधोमध पालघट देवी. भोवती झाडं, जनावरं, शेत, तारपा हे वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारा नाच. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरं होत नाही, आणि लग्न उरकलं की ते चित्र जपून ठेवावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पुढच्या सारवणाखाली ते निघून जातं.

ही भिंतीवरची चित्रं शहरात पोचली ती 1970च्या दशकात. सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी भास्कर कुलकर्णी डहाणू भागात फिरत होते. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांना कागद देऊन चित्रं काढायला लावणारे ते हेच. गंजाड गावात त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे लग्नाची वाट न पाहता, रोज, स्वतःच्या ओढीनं चित्रं काढत. पुढे कागद आला, शेण सारवलेलं कापड आलं, मुंबईची प्रदर्शनं आली. 1976 मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं काम युरोप आणि जपानपर्यंत पोचलेलं होतं.

या प्रवासात एक मोठा पालट झाला. भिंतीवर चित्र काढायचा मान बायकांचा होता. कागदावर नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. चित्र विकाऊ झालं तसे गावोगावचे तरुण या कामात उतरले, आणि शेतमजुरीपलीकडे कमाईचा एक रस्ता खुला झाला. ज्या वारल्यांना 1945च्या त्यांच्या उठावापर्यंत जमीनदारांकडे वेठबिगारी करावी लागली, त्यांच्या नातवंडांसाठी ही कमाई फार मोलाची आहे.

कागदानंतर चित्र लाकडावर आलं: ट्रे, किल्ल्यांचे स्टँड, घड्याळाची चौकट आणि नावाची पाटी. लाकडावर तांदळाचं पीठ टिकत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून फळी घासून गुळगुळीत करतात, गेरूसारख्या तपकिरी अॅक्रिलिकचे हात देतात आणि बारीक ब्रशनं पांढरी माणसं काढतात. वरून वॉर्निश. पुसून जाण्यासाठी जन्मलेलं चित्र आता पावसाळ्यावर पावसाळे टिकायला हवं असतं.

पण खरा बदल रंगापेक्षा मांडणीत आहे. लग्नचौकात मधली जागा पालघटाची. पाटीवर ती जागा गिऱ्हाइकाच्या आडनावाला द्यावी लागते, त्यामुळे देवी निघून जाते आणि नाचणारी माणसं काठाला सरकतात. तारप्याच्या नाचाचं वेटोळं एका कोपऱ्यात मावेल एवढं लहान होतं. भिंतभर पसरलेलं जग इथे नक्षी बनतं, आणि हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण त्यानं मूळचा चौक पाहिलेलाच नसतो.

2014 साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नावाला संरक्षण मिळालं, तरी छापील स्टिकर चिकटवलेल्या आणि यंत्रानं कापलेल्या पाट्या बाजारात स्वस्तात मिळतातच. हातानं काढलेली पाटी ओळखता येते: दोन त्रिकोणांची माणसं एकासारखी एक नसतात, कुठे हात लांबतो, कुठे पायाची रेघ जाड होते. अशा पाटीवर घरमालकाचं नाव ठळक असतं. ती काढणाऱ्याचं बहुधा कुठेच नसतं. नाशिकच्या गिऱ्हाइकांनी पाटी सांगतानाच खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं किंवा चित्रकर्तीचं नाव आणि गाव लिहून मागायला हवं. त्यासाठी बोटभर जागा पुरते.