सोमवारची छाती

माझ्या पणजोबांचं वय सरकारने त्यांच्या दातांवरून ठरवलं. चुलत्याचा हात धरून ते पाटण खोऱ्यातून मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. मोठ्या दुष्काळानंतर पहिलं पीक घरात आलं त्या साली झाला, एवढंच आईला आठवत होतं. गिरणीत पोराला घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागे. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, दाढा चाचपल्या आणि कागदावर लिहून दिलं की याला नऊ पुरी आहेत. त्याच दिवसापासून पणजोबा सूतकताईच्या साच्यावरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवायला लागले. या कामावर बहुतेक पोरंच असत, कारण त्यांची बोटं बारीक आणि पाय चपळ.

ही हकिकत मला आबांनी, म्हणजे आजोबांनी सांगितली. लालबागच्या आमच्या खोलीत संध्याकाळी ते गॅलरीत बसायचे आणि धाप शांत झाली की बोलायला लागायचे. पुढे जुने कायदे आणि आयोगांचे अहवाल वाचू लागलो, तेव्हा त्यांच्या बोलण्यातल्या एकेका गोष्टीला साल सापडत गेलं.

हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा 1881 चा. 100 किंवा त्याहून जास्त माणसं आणि वाफेची किंवा तशी शक्ती असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, महिन्याला त्यांना चार सुट्ट्या द्यायच्या आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं, इतकाच त्याचा जीव. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. या कायद्यासाठी सर्वांत जास्त आवाज लँकेशायरच्या गिरणीमालकांनी केला होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं. म्हणून आपल्याकडच्या अनेक देशभक्तांना तो परक्यांचा कावा वाटला. त्यांचा संशय खोटा नव्हता. पण आठ वर्षांच्या पोराच्या बाजूने पाहिलं तर हेतू कुणाचा का असेना, त्याला तीन-चार तास आधी घरी सोडणारा कागद त्याच्या कामाचाच होता. या प्रश्नात मी त्या पोराच्या बाजूचा आहे.

कायदा झाला, आता तो पाळला जातो का हे बघायला माणूस हवा. 1882 साली मीड-किंग नावाचे इंग्लंडमधले कारखाने-तपासनीस मुंबईला आणले गेले. काही महिने गिरण्या पाहून त्यांनी अहवाल लिहिला आणि ते परत गेले. इतर ठिकाणी जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच तपासनीस. महसूल, खटले, दंगे हे सगळं सांभाळून त्याने गिरणीतल्या पट्ट्यांना जाळी आहे का हे बघायचं.

तपासणी आली की गिरणीत काय होई, ते आबा वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत सांगत. गेटवरच्या भय्याला साहेबाची घोडागाडी लांबूनच दिसे. तो आत निरोप धाडी. निरोप जॉबरपाशी, म्हणजे खात्यातल्या मुकादमापाशी, पोचला की जॉबर साच्यांच्या रांगेतून टाळी वाजवत जाई. ती टाळी ऐकली की ज्यांच्याकडे दाखला नाही ती पोरं कापसाच्या गाठींमागे, संडासात, जिन्याखाली पसार. साहेब खात्यात येईपर्यंत साच्यावर दाखलेवाली चार मोठी पोरं उभी. काही पोरांकडे तर दोन नावांचे दोन दाखले असत. सकाळी एका गिरणीत ‘सखाराम’ आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत ‘गणपत’. पणजोबाही काही दिवस असे दोन नावांनी जगले. घरी पैसे लागत होते, हे आबा त्याला जोडूनच सांगायचे, कुणी बापाला नावं ठेवू नयेत म्हणून.

पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास झाले, सूर्य मावळल्यावरही साचे फिरत राहिले आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1908 च्या आयोगाने कायदा सर्रास मोडला जात असल्याचं नोंदवलं. मोठ्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची पहिली मर्यादा लागली ती 1911 च्या कायद्याने, आणि तीही फक्त कापडगिरण्यांत.

पण एवढ्यावरून सगळं काही आयोगांनी आणि साहेबांनी केलं असं कुणी समजू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आबा हात जोडून घेत. लोखंडे ठाण्याचे, जन्म 1848 चा. मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे गिरणीचा वास त्यांच्या कपड्यांना होता. जोतीराव फुल्यांचे सहकारी. 1880 पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा त्यातल्या मागण्या शाळेच्या पुस्तकातही सापडतात. मला अडवते ती शेवटची मागणी. कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो जन्माचा पांगळा होईल त्याच्या पोटाची सोय करावी. अपघात हा नशिबाचा भाग नाही, त्याचा हिशेब गिरणीने द्यायचा, हे या अर्जात आहे. सरकारला त्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा करायला 1923 साल उजाडलं. मधली एकोणचाळीस वर्षं हात गेलेली माणसं गावी परतली आणि भावांच्या तुकड्यांवर जगली. तशी दोन माणसं आबांनी स्वतः आमच्या गावात पाहिली होती.

1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच निवडला, असं आमच्या चाळीत सांगत. त्याच वर्षीच्या कारखाने आयोगाच्या कामात लोखंड्यांना जागा मिळाली आणि 1891 च्या कायद्याने मुलांच्या कामाचं वय नऊवर आणलं. म्हणजे पणजोबांच्या दाढा चाचपल्या गेल्या त्या या नव्या कायद्याखाली. 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगच्या रुग्णांसाठी धावताना लोखंडे स्वतःच प्लेगने गेले.

आबा स्वतः गिरणीत लागले ते विशीच्या आत, ब्लोरूममध्ये. तिथून कार्डिंगला. दाबून बांधलेल्या गाठी फोडून कापूस पिंजायचा, त्यातला कचरा झाडायचा, कार्डावरच्या तारांत अडकलेलं तूस खरवडून काढायचं. हे गिरणीतलं सर्वांत धुळीचं काम. खात्यात समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसे. आबा घरी यायचे तेव्हा भुवया, कान, नाकातले केस पांढरे असायचे. आजी दारातच टॉवेल घेऊन उभी राहायची. ती वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, तिथे धूळ कमी होती, पण तिची स्वतःची एक वेगळी हकिकत होती. तिची थोरली मुलगी अफूची बाळागोळी देऊन खोलीत झोपवलेली असे, कारण गिरणीत मूल ठेवायला जागाच नव्हती. 1948 च्या कारखाने कायद्याने पाळणाघर सक्तीचं केलं, तोवर तिची सगळी बाळंतपणं होऊन गेली होती. याबद्दल ती कधी फारसं बोलली नाही.

आबांच्या काळातले तपासनीस देशी होते आणि त्यातले काही फार चांगले होते. एकाची आठवण आबा आदराने काढत. त्यांच्याच खात्यात एका जोडीदाराचं धोतर शाफ्टच्या पट्ट्यात सापडलं आणि माणूस गेला. त्यानंतर आलेला तपासनीस नुसता वहीत सही करून गेला नाही. तो ओणवा होऊन प्रत्येक पट्ट्याखाली गेला आणि जाळी बसेपर्यंत ती ओळ चालू करू दिली नाही. 1948 च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमात लिहिलं होतं की चालत्या यंत्राजवळ तेलपाणी करायला अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेला, शिकवून तयार केलेला माणूसच जाईल आणि त्याचं नाव रजिस्टरात असेल. ते वाचताना मला आबांचा तो जोडीदार आठवतो.

मात्र तो भला तपासनीसही धुळीकडे पाहून गेला आणि धुळीबद्दल काही लिहिलं नाही. जाळी दिसते, पट्टा दिसतो, पोराचं वय दातांत दिसतं. फुप्फुसात काय चाललंय ते बघायला त्याच्याकडे काही नव्हतं. विचारणं एवढंच हातात होतं, आणि कुणी विचारलं नाही.

आबा म्हणायचे, “सोमवारी छातीवर कुणी बसल्यावानी वाटायचं. मंगळवारी जरा उतरायचं. बुधवारी मानूस कामाला लागायचा.” कार्डिंगमधल्या सगळ्यांचीच ही तऱ्हा, म्हणून त्याला आजार असं कुणी म्हणत नसे. गुळाचा खडा तोंडात ठेवायचा, धूळ उतरते म्हणायचं आणि कामाला लागायचं. काही वर्षांनी मंगळवारही जड जाऊ लागला. मग गुरुवार. निवृत्त होईपर्यंत रविवारही मोकळा राहिला नव्हता.

याला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या बोंडाबरोबर येणारा पाला, देठ आणि त्यांच्यावरच्या जिवाणूंचं विष श्वासनळ्या आवळतं. सुट्टीने शरीर जरासं सावरतं आणि पुन्हा धुळीत गेल्यावर पहिल्या दिवशी सर्वांत जोराने आवळतं. लोखंड्यांनी मिळवलेल्या त्या सुट्टीमुळेच रोगाची खूण उघडी पडत होती, इतकी स्पष्ट, की आठवड्याच्या वारांवरून सांगता यावी. इंग्लंडमध्ये या रोगासाठी गिरणी कामगारांना 1941 पासून भरपाई मिळू लागली. त्याच साली, त्याच जातीच्या यंत्रांवर, आबा परळमध्ये गुळाचा खडा चघळत होते.

इथे तो रोग दम्यात, क्षयात आणि ‘बिडीमुळे’ या एका शब्दात बुडून राहिला. एक्स-रेमध्ये त्याची अशी खास खूण उमटत नाही. श्वास मोजण्याच्या चाचणीइतकंच रोग्याचं बोलणं महत्त्वाचं असतं: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का, किती वर्षांपासून, आता आणखी कोणत्या दिवशी? केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या गिरणी कामगारांची याच अंगाने तपासणी केली आणि हा रोग आपल्याकडे आहे, हे वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून मांडलं. नंतर कामगारांच्या आरोग्यासाठी झटणारे काही डॉक्टर आणि कार्यकर्ते कार्डिंग-ब्लोरूमच्या माणसांना हाताला धरून कामगार राज्य विमा योजनेच्या वैद्यकीय मंडळांपुढे घेऊन गेले, आणि नव्वदीच्या दशकात काहींना भरपाई मिळाली. तोवर 1982 चा गिरणी कामगारांचा संप होऊन गेला होता, गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अचानक तपासणी हवी की नको, यावर अलीकडे खूप बोललं जातं. 1947 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तपासनीसाला दिवसा-रात्री कधीही, आगाऊ सूचना न देता कामाच्या जागी शिरण्याचा हक्क आहे. भारताने 1949 साली त्याला मान्यता दिली. आता तपासनीसाने कुठे जायचं ते संगणक ठरवतो, 2020 च्या कामगार संहितेत तो ‘सुविधाकार’ही झाला आहे, आणि छळ होऊ नये हा त्यामागचा युक्तिवाद मी ऐकून घेतला आहे. लाच मागणारे तपासनीस होते, हे आबाही सांगत. तरीही जॉबरची ती टाळी ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, त्या घरातला माणूस आगाऊ सूचनेच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

गिरण्या बंद पडत होत्या तेव्हाच गिरणगावातलं कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळलं होतं. भिवंडीच्या एका गाळ्यात मी अधूनमधून जातो. मागावरची धूळ कार्डिंगइतकी जहरी नसते, पण गाळा बसका, खिडकी बंद, माणसं बारा तास आत, आणि कित्येक जण रात्री तिथेच झोपतात. एकाच छपराखाली तीन भिंती घालून तीन नावांचे तीन कारखाने केलेले आहेत. वीज वापरणाऱ्या जागेत दहा माणसं असली की ती कारखाना ठरे; 2020 च्या संहितेने हा आकडा वीसवर नेला. प्रत्येक भिंतीआड माणसं त्या आकड्याच्या आतच राहतील, अशी मांडणी केलेली असते. तपासनीस प्रामाणिक असला, आला, तरी त्याला कागदावर तिथे कारखानाच सापडत नाही.

त्या गाळ्यातल्या माणसांना मी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाबद्दल विचारलं. आधी ती एकमेकांकडे बघत राहिली. मग एकाने छातीवर हात ठेवून सांगायला सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्या वाक्यात आपली वाक्यं घालू लागले. आता त्यांनी अर्ज लिहायला घेतला आहे. नावं घालायची का, यावर बरीच वादावादी झाली. भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1987 साली कारखाने कायद्यात तक्रार करणाऱ्याचं नाव तपासनीसाने गुप्त ठेवायचं असं कलम घातलं गेलं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. दोघांनी सह्या केल्या, बाकीचे घरी विचारून सांगणार आहेत. अर्जात पहिली मागणी आहे धूळ मोजण्याची. दुसरी त्यांनी स्वतः सुचवली: तिन्ही भिंतींमागच्या सगळ्या माणसांची नावं एकाच हजेरीपटावर लिहा.