ला लिबेर्ताद : कोस्टा रिकातील एका अस्तंगत फुटबॉल संघाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा टिकून राहिलेल्या संस्थाच लिहीत असतात. शताब्दी साजरी करणारा संघ आपली स्मरणिका काढतो, जुनी छायाचित्रे जपतो आणि पराक्रमांची उजळणी करतो. लोप पावलेल्या संघाच्या वाट्याला मात्र विजेत्यांच्या यादीतील एक ओळ येते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या राजधानीत, सान होसे येथे, १९०५ साली स्थापन झालेला ‘क्लब स्पोर्ट ला लिबेर्ताद’ हा अशा संघांपैकी एक होय. सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवूनही तो काळाच्या ओघात नाहीसा झाला. विजय मिळवणारा संघ नष्ट का होतो, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी :

एकोणिसाव्या शतकात कोस्टा रिकाची अर्थव्यवस्था कॉफीच्या निर्यातीवर उभी राहिली. या व्यापारामुळे इंग्लंडशी निकटचा संबंध आला आणि संपन्न घराण्यांतील मुले शिक्षणासाठी युरोपात जाऊ लागली. फुटबॉलचा खेळ याच मार्गाने देशात रुजला. संघांच्या स्पॅनिश नावांत ‘स्पोर्ट’ हा इंग्रजी शब्द शिरला, तो या संबंधाचीच खूण होय. ‘ला लिबेर्ताद’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’. हे नाव कोणत्याही नगराचे नसून एका मूल्याचे आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जून १९२१ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापक सात संघांत सान होसेचे ला लिबेर्ताद आणि हिम्नास्तिका एस्पान्योला, एरेदियाचा एरेदियानो, आलाहुएलाचा आलाहुएलेन्से, कार्तागोचा कार्तागिनेस, लिमोनचा हिम्नास्तिका लिमोनेन्से आणि त्रेस रिओसचा ला युनियोन यांचा समावेश होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ग्वाटेमाला येथे सामने भरले. त्यांत कोस्टा रिकाने एल साल्वाडोरचा ७-० आणि ग्वाटेमालाचा ६-० असा पराभव केला. १९२४ साली सान होसेच्या पश्चिमेकडील ला साबाना या मैदानावर राष्ट्रीय क्रीडागार उभे राहिले. १९२७ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ४ लाख ७१ हजार होती. एवढ्या लहान देशात फुटबॉलने अल्पावधीत मिळवलेले स्थान लक्षणीय म्हणावे लागेल.

उत्कर्षाचा काळ :

ला लिबेर्तादने १९२५, १९२६, १९२९, १९३४, १९४२ आणि १९४६ या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९२१ ते १९४९ या २९ वर्षांतील विजेतेपदांची विभागणी पाहिली असता एरेदियानो १२, ला लिबेर्ताद ६, आलाहुएलेन्से ५, कार्तागिनेस ३, ओरियोन २ आणि विद्यापीठाचा संघ १ असे चित्र दिसते. म्हणजेच या काळात ला लिबेर्ताद हा देशातील दुसऱ्या क्रमांकाचा यशस्वी संघ होता.

या आकडेवारीचा आणखी एक अर्थ आहे. एरेदिया, आलाहुएला आणि कार्तागो या तीन प्रांतिक नगरांच्या संघांकडे २० विजेतेपदे गेली. राजधानीतील ला लिबेर्ताद, ओरियोन आणि विद्यापीठ या तिघांकडे मिळून ९ गेली. ही तीनही नगरे सान होसेपासून सुमारे पंचवीस किलोमीटरच्या आत आहेत. प्रत्येक नगराची निष्ठा प्रामुख्याने एका संघाभोवती एकवटली होती. राजधानीत मात्र ती अनेक संघांत वाटली गेली. ला लिबेर्ताद राजधानीचा होता. परंतु संपूर्ण राजधानी त्याची नव्हती.

ऱ्हासाची मीमांसा :

१९४६ नंतर ला लिबेर्तादला पुन्हा विजेतेपद मिळाले नाही. १९४८ साली देशात यादवी युद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सैन्यदल बरखास्त करण्यात आले. परंतु संघाच्या ऱ्हासाचा संबंध केवळ कालसान्निध्यामुळे या घटनांशी जोडणे योग्य ठरणार नाही. एरेदियानो, आलाहुएलेन्से आणि कार्तागिनेस हे संघही त्याच काळातून गेले आणि टिकले.

अधिक समाधानकारक स्पष्टीकरण राजधानीतच सापडते. १९३५ साली सान होसेमध्ये सर्वसामान्य वस्तीतील मुलांना घेऊन एक संघ स्थापन झाला. त्याला साहाय्य करणाऱ्या रिकार्दो साप्रिसा यांचे नाव संघाला देण्यात आले. साप्रिसा यांचा जन्म एल साल्वाडोरमधला. बार्सिलोनाच्या एस्पान्योल संघाकडून ते खेळले होते. खालच्या श्रेणीतून वर आलेला हा संघ १९४९ साली प्रथम श्रेणीत दाखल झाला आणि १९५२ साली विजेता ठरला. १९५९ साली त्याने जगप्रवास करून सामने खेळले. राजधानीची विखुरलेली निष्ठा या नव्या संघाभोवती एकवटत गेली. १९७२ साली राजधानीलगतच्या तिबास येथे त्याचे स्वतःचे क्रीडागार उभे राहिले. ला साबानाचे राष्ट्रीय क्रीडागार मात्र कोणा एका संघाचे घर नव्हते.

याउलट उदाहरण कार्तागिनेसचे आहे. १९२३, १९३६ आणि १९४० नंतर या संघाला पुढील विजेतेपद थेट २०२२ साली मिळाले. ८२ वर्षांच्या प्रतीक्षेतही संघ टिकला, कारण त्याच्या पाठीशी कार्तागो हे नगर होते. सहा विजेतेपदांचा धनी असलेल्या ला लिबेर्तादला असा आधार लाभला नाही. दोन विजेतेपदे मिळवणारा ओरियोन लोपला आणि विद्यापीठाच्या संघालाही सातत्य राखता आले नाही.

अर्थात केवळ नगराचे नाव धारण केल्याने संघ टिकतो, असा नियम सांगता येणार नाही. लिमोन आणि त्रेस रिओस येथील संस्थापक संघही पुढे टिकले नाहीत. लिमोन हे कॅरिबियन किनाऱ्यावरील बंदर मध्यवर्ती खोऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर होते, तर त्रेस रिओस हे सान होसे व कार्तागो यांच्या दरम्यानचे लहान गाव होते. तसेच साप्रिसा हे नगराचे नव्हे, व्यक्तीचे नाव आहे. म्हणून नावापेक्षा त्यामागे उभा असलेला जनसमूह आणि त्याला एकत्र आणणारे ठिकाण हे घटक निर्णायक ठरतात.

निष्कर्ष :

१) १९२१ ते १९४९ या काळात ला लिबेर्ताद हा कोस्टा रिकातील दुसऱ्या क्रमांकाचा यशस्वी संघ होता, त्याच्या लोपाचे कारण अपयशात शोधता येत नाही.

२) राजधानीतील निष्ठा विभागलेली असल्याने त्याला स्थिर सामाजिक आधार मिळाला नाही. साप्रिसाच्या उदयानंतर ती पोकळी नव्या संघाने भरून काढली.

३) संस्थेचे आयुष्य तिच्या यशापेक्षा तिला आपली मानणाऱ्या समाजावर अधिक अवलंबून असते. कार्तागिनेस आणि ला लिबेर्ताद यांची तुलना हेच दर्शवते.

४) अस्तंगत संस्थांचा इतिहास दुर्लक्षित राहिल्यास टिकणे हेच श्रेष्ठत्वाचे गमक मानले जाण्याचा धोका संभवतो. ला लिबेर्तादच्या सहा विजेतेपदांवर आज हक्क सांगणारे कोणी उरलेले नाही. त्यामुळे त्यांची नोंद ठेवण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकांवर येते.