फायरप्लेसच्या दाराची काच बदलणे

फायरप्लेसच्या दाराची काच बदलणे ही लाकूड जाळणाऱ्या बंदिस्त फायरप्लेसची घरच्या घरी करता येण्याजोगी दुरुस्ती आहे. युरोप, उत्तर अमेरिका यांसारख्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी अशा फायरप्लेस वापरल्या जातात. दारातील काचेतून आग दिसते व उष्णता खोलीत येते. धूर, ठिणग्या आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र आतच अडतात. त्यामुळे काचेला तडा गेल्यास ती बदलेपर्यंत फायरप्लेस पेटवणे धोक्याचे असते.

काचेचा प्रकार

पूर्वी या दारांना अभ्रकाचे पातळ पापुद्रे बसवीत. आता सिरॅमिक काच वापरली जाते. तिच्या शोधाचे मूळ एका चुकीत आहे. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टुकी यांच्या भट्टीचे तापमान ६०० ऐवजी सुमारे ९०० अंश सेल्सियसवर गेले. आतली काच वितळण्याऐवजी अपारदर्शक झाली आणि बाहेर काढताना खाली पडूनही फुटली नाही. पुढे या वर्गातील पारदर्शक प्रकारही विकसित झाले.

सिरॅमिक काच तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही. खिडकीची ४० सेंटिमीटर रुंद साधी काच ५०० अंशांनी तापल्यास सुमारे २ मिलिमीटरने वाढते. दारात तिचा मधला भाग तापतो, पण चौकटीखाली झाकलेल्या कडा तुलनेने थंड राहतात. या ताणाने ती तडकते. टफन्ड काचही येथे निरुपयोगी ठरते, कारण सुमारे २५० ते ३०० अंशांपुढे तिची वाढीव मजबुती ओसरू लागते. दिसायला या सर्व काचा सारख्याच असल्याने खरेदी करताना प्रकाराची खात्री करून घेणे महत्त्वाचे असते.

काच फुटण्याची कारणे

सिरॅमिक काच केवळ उष्णतेने सहसा फुटत नाही. दार लावताना लाकडाचा ओंडका आपटणे, स्क्रू अती आवळणे आणि काच चौकटीत घट्ट बसवणे ही नेहमीची कारणे होत. लोखंडी चौकट तापून हलते, काच मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून दोहोंमध्ये मोकळी जागा लागते.

पद्धत

१. फायरप्लेस पूर्ण थंड झाल्यावर दार बिजागरीवरून उतरवून सपाट टेबलावर, जाड कापडावर ठेवावे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावावी.

२. गंजलेल्या स्क्रूंवर गंज सोडवणारे तेल घालून काही तास थांबावे. पट्ट्या व स्क्रू यांच्या क्रमाचे छायाचित्र घ्यावे.

३. जुनी काच काढून खाच स्वच्छ करावी.

४. काच बसण्याच्या खाचेची लांबी, रुंदी आणि जुन्या काचेची जाडी मोजावी. जाडी बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटर असते. नवी काच खाचेपेक्षा लांबी-रुंदीत २ ते ३ मिलिमीटर कमी घ्यावी. कमानदार काचेसाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून विक्रेत्याला द्यावा.

५. काचेच्या कडांवर काचतंतूंची पट्टी लावून ती चौकटीत ठेवावी. स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे फिरवावेत. काच हलणार नाही इतकेच आवळावेत.

६. दार व भट्टी यांमध्ये कागदाची पट्टी धरून दार बंद करावे. पट्टी सहज निघून आली, तर दाराभोवतीचा दोर झिजला आहे असे समजून तोही बदलावा. पहिली आग लहान ठेवावी. भट्टी पुन्हा थंड झाल्यावर स्क्रू तपासावेत.

सुरक्षितता

जुन्या फायरप्लेसच्या दोरात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे आजार होतात. तशी शंका असल्यास दोर खरवडू नये. ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवावे. फायरप्लेस असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवणे हितकारक ठरते.

सिरॅमिक काच साध्या काचेपेक्षा अधिक तापमानाला वितळते. म्हणून तिचे तुकडे पुनर्वापरासाठी गोळा होणाऱ्या बाटल्यांच्या काचेत टाकू नयेत.

निगा

ओल्या लाकडाने काचेवर काजळी धरते. २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेले लाकूड वापरल्यास ती कमी होते. थंड काच ओलसर कागदाला बारीक राख लावून पुसल्यास स्वच्छ होते. खरखरीत घासणीने ओरखडे पडतात व काच कमकुवत होते.