परीक्षण
'पिच्चर कसाय बे?' या सोलापुरी प्रश्नाला 'बघ' किंवा 'नको' एवढं उत्तर पुरतं. त्यापुढे बोललं जातं ते परीक्षण. 'परि' म्हणजे सभोवार, 'ईक्षण' म्हणजे पाहणं. समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा ही याच 'ईक्ष्' धातूची भावंडं. स्वामी समर्थांच्या अक्कलकोटात ती सगळी एकत्र भेटतात. 'देऊळ बंद' चित्रपटातले (२०१५) मोहन जोशी असोत वा 'जय जय स्वामी समर्थ' मालिकेतले अक्षय मुडावदकर, स्वामींची भूमिका म्हटली की अपेक्षा आधीच ठरलेली. १८७८ साली समाधिस्थ झालेल्या स्वामींची छायाचित्रं इथं घरोघरी. बसण्याची ढब, हात, डोळे, सारं त्यांच्याशी ताडून पाहिलं जातं. कथेला सूट मिळते, नजरेला नाही. अशा गावात 'ठीक होतं' एवढंच म्हणणं, ही उपेक्षाच!